चिंधी बांधलेली घंटी

गजाननभाऊंनी मला पाण्याचा स्टीलचा गडवा फेकून मारला होता. कपाळावर खूण अजून आहे.

आज सकाळी ते गेले.

हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते फिटर. मी वर्ध्यात भूल देणारी डॉक्टर.

काही वर्षांपूर्वी मशीनने त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत ओढला होता. रुई लाल झाली तरी मशीन चालूच. सीझनमध्ये ओव्हरलोडची घंटी दिवसभर वाजते, डोकं उठतं, म्हणून कामगारांनी तिला चिंधी बांधून ठेवली होती.

ऑपरेशननंतर मी कॉलरबोनजवळ, हाताच्या नसांपाशी बारीक नळी ठेवली. पंपातून सुन्न करणारं औषध सतत चालू. डोस मुद्दाम हलका.

दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खा वॉर्ड हादरला.

"औषद वाढवा ना! मले मारून राह्यल्या का तुमी?"

भाऊ पलंगाच्या दांडीवर डोकं आपटत होते. त्यांच्या बायकोने, सुमनताईंनी, माझा कोट धरून ओढला.

"काऊन नाई वाढवून राह्यल्या? माणूस मरून राह्यला ना!"

पंपाचं एक बटण. दाबलं असतं तर सगळे गप्प झाले असते.

पण याच डोसवर काल आराम होता आणि आज एवढी बोंब, म्हणजे आत काहीतरी बिघडतंय. सुजेने रक्त अडलं तर हात जातो. आणि ते आधी सांगतं ते दुखणंच.

"भाऊ, तुमच्या घंटीला चिंधी बांधली होती ना? मी नाही बांधणार."

गडवा आला.

कपाळावरून डोळ्यात रक्त ओघळत होतं. तशीच त्यांची बोटं सरळ करून पाहिली. ते किंचाळले. हात लाकडासारखा टणक.

सर्जनला ओरडून बोलावलं. लगेच थिएटरमध्ये नेऊन हात लांबच लांब चिरला, आतला ताण मोकळा केला.

दोन बोटं गेली. हात वाचला.

त्यानंतर जिनिंगमध्ये कुठे चिंधी दिसली की भाऊ ती फाडायचे आणि बांधणाऱ्याची आई-बहीण काढायचे. दर सीझनला मला फोन. "मॅडम, घंटी वाजून राह्यली. आयकजा."

काल संध्याकाळपासून भाऊंच्या छातीत दुखत होतं. "गॅस असन," म्हणत सोडा प्याले आणि झोपले. सुमनताई मला फोन लावत होत्या, तर हातातून मोबाईल ओढून घेतला.

"मॅडमले काऊन तरास?"

भाऊ, राग येतोय. भयंकर. जगभरच्या चिंध्या फाडल्यात आणि स्वतःच्या छातीला बांधलीत?

फोन करायचा होता हो. शिव्या घालत केला असता तरी उचलला असता.

श्रद्धांजली लिहायला हात उचलला जात नाही.

नीट जा, भाऊ.