राखणीचं जहाज

शिलाई कारखान्याच्या फाटकात आबा हात आडवा धरायचे आणि विचारायचे, "सगळ्यात हळू कोण? ती म्होरं."

हळू म्हणजे मीच. लहानपणीच्या तापानं माझा डावा पाय बारीक राहिलेला.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, महायुद्धातून परत आलेली, पण ज्यांच्या बोलण्यात एकही लढाई नसते. आबा त्यातले, आरमारी जहाजावर होते. नव्वद सालानंतर कसबा बावड्यात मी कामाला लागले तेव्हा ते आमचे वॉचमन होते. उसातल्या रस्त्यावर एका बाईचं मंगळसूत्र ओढलं गेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आबा संध्याकाळी आम्हा बायकांना वस्तीपर्यंत पोचवू लागले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी गोंदियाकडची. सातवीत शाळा सुटली. नवऱ्याच्या नोकरीमागे इथं आले, नवरा गेला, मी राहिले. दादाचा निरोप यायचा, जमत नसेल तर परत ये. परत जाणं म्हणजे भावजयीच्या स्वयंपाकघरात कोपरा धरणं. नोकरी होती म्हणून मी इथं होते, आणि नोकरी त्या रस्त्यावर अवलंबून होती. एकटी मागं पडेन, ही धास्ती मला दुपारीच लागायची.

"आबा, हिच्या चालीनं गेलो तर भाकरी उद्या सकाळीच की!" आमच्यातली शांताबाई ओरडायची.

"शिळ्या खा. ताफ्याची चाल म्हंजे सगळ्यात हळू जहाजाची चाल. पळायचं न्हाय."

आपल्या जहाजाची हकिगत ते एखाद्या सरकारी नोकराची सांगावी तशी सांगत. जन्म विलायतेत. रुजू मुंबईला. नेमणूक एडनकडं, मग बसऱ्याकडं, मग कलकत्त्याच्या बाजूला बदली. मधे बॉयलर बिघडला तेव्हा गोदीत आजारपणाची रजा. काम एकच, धान्याच्या नि तेलाच्या जहाजांभोवती घिरट्या घालत त्यांना पोचवायचं. आबा खाली बॉयलरपाशी. समुद्र त्यांनी फारसा बघितलाच नव्हता.

"किती जहाजं बुडवली, आबा?"

"एकबी न्हाय. पोचवली."

"मग कसलं ओ लढाईचं जहाज?"

"राखणीचं. तुलाबी राखतोयच की. फक्त तुझं तोंड बंद ठेवायला तोफ लागंल, शांते."

लढाई संपल्यावर ते जहाज बंदरात गंजत उभं राहिलं, मग भंगारात गेलं. "पेन्शन न्हाय," एवढंच आबा म्हणत.

एका पावसाळ्यात माझा पाय सुजला. निम्म्या रस्त्यात मी खाली बसले आणि म्हणाले, "आबा, तुम्ही व्हा पुढं. मी येते मागून."

त्यांनी बायकांना थांबवलं. माझ्याकडं न बघता बोलले. "एका मालाच्या जहाजाचं इंजिन बंद पडलं. तेबी असंच म्हणालं, व्हा म्होरं, दुरुस्त करून येतो. पाणबुडी आसपास हुती. ताफा थांबवायचा न्हाय, असा हुकूम. वरनं घंटा आली, चाल वाढवा. म्या वाफ वाढिवली."

"आलं का मग ते?"

"न्हाय."

चहात साखर कमी आहे म्हणावं, तशा आवाजात सांगितलं त्यांनी.

"हळू चालणाऱ्यासाठी सगळी हळू चालत्यात. थांबल्याल्यासाठी कोण न्हाय. तू हळू चाल पोरी, पर ऊठ."

मी उठले. शांताबाईनं माझा डबा घेतला, दोघींनी मला खांद्याचा आधार दिला. त्या दिवशी भाकरीचं कुणी बोललं नाही.

पुढं बरीच वर्षं आम्ही तशाच चाललो. मग एका सकाळी फाटक उघडलंच नव्हतं. आबा झोपेतच गेले होते. आम्ही त्यांना स्मशानापर्यंत पोचवून आलो आणि दुपारी मशिनीवर बसलो. मला काही वाटत नव्हतं. मी बाह्या लावत होते, आणि त्या सरळ लागत होत्या.

त्याच महिन्यात दादा आला. "आता कोणाच्या भरवशावर राहतं वं इथं? तो म्हाताराही गेला."

मी त्याला पिठलं वाढलं. "राहते मी. बायका अजून माझ्याच चालीनं चालतात," म्हणाले.

त्यानं दोघांची तिकिटं काढली होती. मी स्टँडवर सोडायला गेले. माझ्या जागेवर त्यानं पिशवी ठेवली आणि खिडकीतून माझ्या पायाकडं बघत राहिला. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. गाडी वळली, आणि मी कामावर निघाले.