समोरच्या फ्लॅटमधला गहू

आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीतल्या सोळा घरांपैकी सहाच घरांत माणसं होती. बाकीच्यांनी घरं घेऊन कुलपं लावली आणि ते मुंबईतच राहिले. दुपारी जिन्यात इतकं शांत असे की तळमजल्यावरच्या कुकरची शिट्टी चौथ्या मजल्यावर आपल्याच घरातली वाटे.

आमच्या वन-रूम-किचनमध्ये मात्र ही शांतता उंबऱ्याशीच थबके. सासूबाई, हे, कॉलेजातले दीर, दोन वर्षांची मुलगी आणि मी. एकटं बसायचं तर बाथरूममध्ये जावं लागे, आणि तिथंही दोन मिनिटांत कोणीतरी कडी वाजवी. मला कुणाचा जाच नव्हता. फक्त दिवसातून एकदा, कुणीही हाक मारणार नाही अशा जागी टेकावं, एवढीच माझी भूक होती. ती बोलून दाखवायची सोय नव्हती. बाईला एकटं कशाला बसायचं असतं, असं कुणीही विचारलं असतं आणि मला उत्तर आलं नसतं.

जवळ किराण्याचं एकच दुकान होतं. तिथं सगळंच महाग आणि पुढच्या बाईचं सामान बांधून होईपर्यंत अर्धा तास जाई. सासूबाई कऱ्हाडकडच्या. आठवड्याला पाच किलो गहू आणणं त्यांना दिवाळखोरीचं लक्षण वाटे. "वर्साचं धान्य उन्हाळ्यात भरायचं, मग बाराही म्हैने दुकानाकडं बघायचं न्हाई," असं त्यांचं शास्त्र. पैसे वाचतात आणि वेळही वाचतो, हे ह्यांनाही पटलं. पण भरलेलं धान्य ठेवायचं कुठं? आमच्या घरात पाहुणा आला की दिरांना कॉट सोडावी लागे.

समोरच्या फ्लॅटचे मालक गिरगावात राहत. आठवड्यातून एकदा खिडक्या उघडाव्यात म्हणून किल्ली आमच्याकडे होती. ह्यांनी पत्र टाकून विचारलं. 'अवश्य ठेवा, घरात धान्य असलेलं चांगलंच' असं उत्तर आलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसे आम्ही तिथं शिरलो.

एप्रिलमध्ये पनवेलच्या व्यापाऱ्याकडून टेम्पोने तीन पोती गहू आणि एक पोतं ज्वारी आली. सासूबाईंनी आणि मी चार दिवस निवडलं, पाखडलं, थोडं थोडं घेऊन एरंडेल चोळलं, सुकवलेला कडुलिंबाचा पाला घातला. कोठ्या दोनच होत्या. उरलेला गहू आतल्या खोलीत चादरींवर पसरून ठेवला.

"खाडीची हवा हाय. हलवत ऱ्हायला पायजे," सासूबाई म्हणाल्या.

"मी हलवीन," मी लगेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोनच्या सुमारास, मुलगी आजीजवळ झोपल्यावर, मी समोरचं दार उघडून आत गेले आणि आतून कडी लावली. त्या कडीचा आवाज आजही मला ऐकू येतो.

खोलीत काहीच नव्हतं. भिंतीवर खिळासुद्धा नव्हता. खिडकीला पडदा नसल्यामुळे ऊन थेट गव्हावर पडे आणि सगळं छतच पिवळं दिसे. पलीकडे तिवरांचा हिरवा पट्टा, त्यामागे खाडी, आणि भरती की ओहोटी हे काही माझ्यावर अवलंबून नव्हतं याचं मला फार बरं वाटे. मी दोनचार वेळा हात फिरवून गहू हलवी. मग शेजारी जमिनीवर आडवी होई आणि एक हात कोपरापर्यंत गव्हात घालून ठेवी. वरचे दाणे कोमट, खालचे गार. डोळे मिटले की खोली हळूहळू पाण्यावर निघाल्यासारखी वाटे. कधी मी त्या भिंतींवर मनातल्या मनात फळ्या लावी, कोपऱ्यात आरामखुर्ची ठेवी. कधी बोटाने गव्हात वेलबुट्टी काढी आणि जाताना पुसून टाकी. बहुतेक वेळा मी काहीच करत नसे. एवढं सुंदर काहीच न करणं मला परत कधी जमलं नाही.

आठवड्यातून एकदाचं हलवणं लवकरच रोजचं झालं. चोराच्या मनात चांदणं, म्हणून निघताना मी मोठ्याने म्हणे, "आज हवा फार दमट आहे हं." सासूबाई हूं म्हणत. पावसाळ्यात गहू पोत्यांत भरला, तर "पोत्याला तळातून ओल येते का बघते" असं नवं निमित्त मी शोधलं. त्या वर्षी गव्हाला एक किडा लागला नाही. एवढी सरबराई आमच्या घरात कुणा जावयाचीही झाली नव्हती.

दसऱ्याच्या आधी मालकांचं पत्र आलं. ते राहायला येणार होते. घर त्यांचं, मला राग यायचं कारण नव्हतं, पण आला. त्या दुपारी मी उरलेल्या पोत्यांना टेकून बसले आणि रडले. माहेर सुटताना रडले होते त्याहून जास्त रडले, हे खरं आहे. दिरांनी पोती इकडे आणली. एक कॉटखाली, एक स्वयंपाकघराच्या दाराआड. रिकामी खोली मी धुऊन काढली आणि किल्ली देऊन टाकली.

पुढचा हिवाळा मी चिडचिड करत काढला. पोळी करपली की गव्हाला नावं ठेवी.

एप्रिल आला. ह्यांनी पनवेलला जायचं ठरवलं, कुठलं पोतं कुठं मावेल तेही ठरवलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "यंदा नगं भरायला. अडगळ हुती."

"अगं, तूच तर..." हे बघतच राहिले. "दुकानात केवढं महाग पडतं. शिवाय हिला सारखं जावं लागेल."

"जाईल की."

हे कामावर गेल्यावर सासूबाईंनी मला जवळ बसवलं. "गहू रोज हलवत न्हाईत गं," त्या म्हणाल्या. "मी शेतकऱ्याची लेक हाय. मला पयल्या आठवड्यातच कळलं हुतं."

मी मान खाली घालून भाजीची एक काडी उचलली. कानशिलं तापली.

"दोन-दोन किलो आण. रोज आण. खाडीकडनं जा, लांबनं. पोर हाय माझ्यापाशी."

"महाग पडेल, आई."

"पडू दे. आमाला कुटं मिळालं असलं कायी. भरल्या घरातनं उटून जायचं ठावंच नव्हतं."

आयुष्यभर दाणा दाणा राखलेली ही बाई माझ्यासाठी पैसे उधळायला निघाली होती. मी म्हणाले, "तुम्हीही चला ना माझ्याबरोबर. मुलीला घेऊन तिघी जाऊ."

त्यांनी खुंटीवरची पिशवी काढून माझ्या हातात दिली.

"मी आले तर तू एकटी कशी ग हुशील?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा भाजी निवडायला लागल्या.