विकल्यावरही न सोडलेलं दावं

मोबाईल बनवणाऱ्या कंपनीने रुमालमामांना फसवलं. मामांनी कुणाला फसवलं नाही, इस्लापूरच्या त्या शेतकऱ्याला तर नाहीच. कंधारच्या बाजारात काही लोक अजून उलटं सांगत फिरतात, म्हणून हे लिहितो आहे.

रुमालमामा बैलबाजारातले दलाल. जन्मापासून दृष्टी नाही. कुणी 'अंध' म्हटलं की खवळायचे. "कागदावरचं नाव घेऊ नको. आंधळा म्हण. शिवी द्यायची तर नीट दे." आमच्याकडे बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवतीच्या गर्दीला पत्ता लागत नाही. रुमालाखाली डोळ्यांचा काही उपयोग नसतो, म्हणून हा धंदा मामांना मानवला. "डोळेवाले बैलाचं शिंग बघतेत, मी गिऱ्हाईकाचा तळहात बघतो. शिंगाला रंग लावता येतो, तळहाताला न्हाई लावता येत." समोरच्या हाताला घाम फुटला की मामा गालात हसायचे आणि आणखी एक बोट दाबायचे.

हात त्यांनी सौद्यासाठीच राखून ठेवला होता. रस्ता ओलांडताना कुणी भल्या मनाने हात धरला, तर झटकून म्हणायचे, "काय घेतो, बैल का गोऱ्हा? घेत नसशील तर सोड." वाटलंच तर स्वतः पुढच्याच्या खांद्यावर हात टाकून चालायचे, तेही असे, की पाहणाऱ्याला वाटावं मामाच त्याला नेत आहेत.

मी त्याच बाजारात पोतं अंथरून दावी, वेसणी, घुंगरमाळा विकत वर आलो. आज लातुरात माझं दुकान आहे; कुणाच्या बापाचं देणं नाही. घासाघीस मी मामांकडून शिकलो, आणि मामांनी ती सगळ्यात जास्त माझ्यावरच वापरली.

"काय रे दावीवाल्या, ह्यानं बैल बांधायचा का करडू?"

"मामा, हत्ती बांधा. नाही तुटणार."

"मग हत्तीवाल्याला गाठ. मला बैलाचा भाव सांग."

मी ओरडायचो, ते ओरडायचे, लोक जमायचे. मग दोघं चहा प्यायचो. दावं ते त्यांच्याच भावाने घेऊन जायचे.

दाव्याबद्दल मामा फार कडक. बैल विकला की विकणाऱ्याने आपलं दावं सोडून घ्यायचं आणि घेणाऱ्याने नवं बांधायचं, ही आमची रीत. पुष्कळ जण विसरतात. मामा विसरू देत नसत. स्वतः चाचपून जुनं दावं सोडायचे, विकणाऱ्याच्या हातात द्यायचे आणि बजावायचे, "घे. आता तुझा हक्क संपला. उद्या ह्याच्या गोठ्यात डोकवायचं न्हाई." बैलावर जीव असलेला एखादा म्हातारा तिथेच रडायचा. मामा थांबायचे, पण दावं परत बांधू द्यायचे नाहीत.

पुढे बाजार मोबाईलवर गेला. गुराचे फोटो, शेवटचे आकडे, सगळं शेतकऱ्यांची पोरं टाइप करून पाठवू लागली. बाजारात फोनवर बोललं तर चार कान ऐकतात; लिहिलेलं कुणी ऐकत नाही. मामांनी बोलणारा फोन घेतला. नांदेडच्या एका मास्तरांनी त्यांना शिकवलं, मास्तरही आंधळेच. बोट सरकवलं की फोन काय आहे ते मराठीत सांगतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो. एका कानात इअरफोन घालून मामा बाजारातल्या कडुलिंबाखाली बसायचे. सगळ्या बाजाराचे आकडे त्यांच्या कानात, आणि शेजारी बसलेल्याला काही कळायचं नाही. "हा बी रुमालच हाय," ते म्हणायचे. "फक्त ह्याला घाम येत न्हाई."

त्या दिवसांत मामा इतके खुशीत होते, की माझ्याकडून एक दावं त्यांनी मागितल्या भावाला घेतलं. मला वाटलं तब्येत बिघडली.

मग अपडेट यायला लागलं. फोन चार्जिंगला लावून मामा झोपायचे, सकाळी फोन दुसराच झालेला असायचा. कधी टिचकीची पद्धत बदललेली, कधी बटणाची जागा, कधी मराठी आवाज जाऊन इंग्रजी बाई बोलायला लागलेली. ज्याला दिसतं तो दोन शिव्या देतो आणि नवं बटण शोधतो. मामा घरातल्या घरात वाट चुकायचे. पुन्हा मास्तरांना विचारायचे, पुन्हा सगळं बोटांना शिकवायचे. शिकून होतं न होतं तोवर पुढचं अपडेट. मामा मला म्हणाले, "दावीवाल्या, बैल इकल्यावर पहिला मालक गोठ्यात शिरून त्याची चाल बदलून जातो, असं कधी ऐकलं का?"

एका बाजाराच्या सकाळी फोन गप्पच झाला. उघडायला पिनचे आकडे मागत होता, पण कोणता आकडा कुठे आहे ते सांगत नव्हता. चहावाल्याने आकडे दाबून दिले, तरी फोन बोलेना. तेवढ्यात मेसेजची घंटी तेवढी वाजली. इस्लापूरचा एक शेतकरी लालकंधारी बैलांची जोडी घेऊन टेम्पोने निघाला होता. टेम्पो बंद पडला असेल असं मामांना वाटलं. "जरा वाच की रं काय म्हणतो," म्हणून त्यांनी फोन चहावाल्याकडेच दिला.

चहावाल्याने बाजारात वाचतात तसं मोठ्यांदा वाचलं. शेतकऱ्याच्या पोराने लिहिलं होतं: मामा, घरी अडचण आहे, अगदी शेवटी एवढ्यालाही द्या, पण कुणाला कळू देऊ नका. आकडाही वाचून झाला. जोडीवर डोळा असलेला व्यापारी बाकड्यावर बशीतून चहा पीत होता.

टेम्पो आला. मामांनी रुमाल टाकून हात पुढे केला. व्यापाऱ्याने हात घातलाच नाही. सरळ तोंडाने तो आकडा बोलला आणि हसला. शेतकऱ्याने मामांकडे पाहिलं. "मामा, तुमच्या भरवशावर आलो होतो. तुम्ही ह्याला मिळालात." मामांनी सांगायचा प्रयत्न केला. "फोन बोलंना गेला" हे कारण तिथे कुणाला खरं वाटणार! जोडी त्याच आकड्याला गेली. जुनं दावं त्या दिवशी मीच सोडलं. मामा रुमाल खांद्यावर टाकून बाजाराबाहेर निघाले होते.

मी मामांना घेऊन नांदेडला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. मी काय काय बोललो ते छापता येणार नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, फोनमध्ये फॉल्ट नाही. अपडेट सगळ्यांनाच आलंय. स्क्रीन बघा ना, किती छान दिसते आता."

"ह्यांना दाखव," मी म्हणालो.

ती जरा गोंधळली. मग म्हणाली, "फीडबॅक पाठवा. फोनमधूनच पाठवता येतो." आणि मामांना नाही, मला विचारलं, "यांच्यासोबत घरचं कुणी नसतं का?"

मामा उठले. "बाई, फोन इकताना तुमच्या माणसानं हे इचारलं न्हाई. आणि इकल्यावर दावं सोडायचं असतं. तुमच्यात सोडत न्हाईत का?" तिला काही कळलं नाही. ती पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली.

नंतर फोन पुन्हा बोलायला लागला, मास्तरांनीच कसाबसा बोलता केला. पण मामांशी कुणी बोलेना. लिंबाखाली आता दुसरा दलाल बसतो. मामा हदगावला लेकीकडे राहतात. मागे भेटायला गेलो, तेव्हा मुद्दाम एक दावं नेलं आणि दुप्पट भाव सांगितला. मामांनी ते बोटांनी चाचपलं, "चांगलं हाय" म्हणाले आणि परत दिलं. भाव पाडला नाही. निघताना ते मला पोचवायला उठले. उंबऱ्याशी थांबून त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं सौदा करायचाय. त्यांना पायरी उतरायची होती.

तो हात धरून मी त्यांना उतरवलं, आणि तेव्हापासून माझं डोकं शांत नाही. अपडेट आपोआप येत नाही. ते सोडणारा कुणीतरी माणूस आहे, त्याला नाव आहे, पगार आहे. विकलेल्या फोनला तुमचं दावं कुणाच्या परवानगीनं ठेवलंत? आवाज बंद पडेल का, हे एकाही आंधळ्या माणसाच्या हातात फोन देऊन पाहिलं होतं का? त्या माणसाने कंधारला यावं. बाजारासमोर, त्या शेतकऱ्यासमोर सांगावं, की चूक मामांची नव्हती. इंग्रजीतला माफीचा मेसेज मला नको. रुमाल मी अंथरतो. त्याने मामांच्या हातात हात द्यावा आणि मग बोलावं.