आईच्या बोलण्यातलं ‘तें’

शनिवारी दुपारी पेडण्याच्या वाचनालयात नववी-दहावीची मुलं माझ्याकडे लिहायला शिकायला येतात. म्हणजे आयांनी पिटाळलं म्हणून येतात. मी शाळेतून निवृत्त झालेली मराठीची बाई. घरी बसून सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा हे बरं, असं माझ्या मुलाचं मत. चांगलं लिहिण्याची गुरुकिल्ली माझ्या पर्समध्ये असणार, असं मुलांना वाटतं. एकाने तर पहिल्याच दिवशी विचारलं, “बाई, बरें अ‍ॅप खंयचें?” मी म्हटलं, अ‍ॅप वापर, शब्दकोश वापर, कपाटातले जुने बालअंक चाळ, मला सगळं चालतं. फक्त ती तयार निबंधांची पुस्तकं माझ्यासमोर आणू नकोस. त्यांत प्रत्येक पहाट सोनेरी असते आणि प्रत्येक आई त्यागाची मूर्ती. आमच्याकडे गोव्यात पहाट होते ती सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या भोंग्याने, आणि तो भोंगा एकाच्याही निबंधात वाजत नाही.

म्हणून मी त्यांना एकच काम देते. घरात माणसं जे बोलतात ते कान देऊन ऐका, चार वाक्यं जशीच्या तशी लिहून आणा, आणि इथे मोठ्याने वाचा. जीभ अडखळेल तिथे वाक्य मोडलंय असं समजा. याहून उपयोगी साधन मला तरी अजून सापडलेलं नाही, आणि त्याला रेंजही लागत नाही.

मागे एका मुलीने आपल्या मोठ्या बहिणीवर लिहिलं. बहीण जवळच्या तुये गावातल्या कारखान्यात कामाला जाते. मुलगी वाचू लागली, “माझी बहीण लवकर उठतं. ते डबा भरतं आणि बस पकडायला धावतं.” बेळगावकडून आलेल्या कुटुंबातला एक मुलगा फिस्सकन हसला. “बहीण उठतं?” त्याला खरंच कळेना. मग सगळेच हसले, आणि पोरीचे कान लाल झाले.

चूक माझ्या चांगल्या ओळखीची होती. आमच्याकडे, इथे पेडण्यात काय आणि माझ्या माहेरी डिचोलीत काय, घरातल्या मुलीला ‘ती’ म्हणत नाहीत, ‘तें’ म्हणतात. लेकरू आलं, पोर झोपलं म्हणावं तसं. आजी ती, मावशी ती, शेजारची काकी ती. मुलगी मात्र तें. तें आयलें, तें जेवलें. मराठी लिहायला बसलं की हे ‘तें’ चोरपावलांनी वहीत शिरतं.

मी मुलीला म्हटलं, तुझ्या वाक्यात ‘ती उठते’ असंच लिही, नाहीतर गुण जातील. पण तुझी आई बोलते ते वाक्य अवतरणचिन्हांत घाल, आणि तिथल्या ‘तें’ला परीक्षकाच्या बापालाही हात लावू देऊ नकोस. पुढच्या शनिवारी तिने नव्याने लिहून आणलं. बहीण पाळीवरून येऊन झोपली आहे आणि आई म्हणते आहे, “तें दमून आयलां, ताका उठयनाका.” या वेळी कोणी हसलं नाही. बेळगावकडचा तो मुलगाही नाही.

मला मात्र त्या वाक्यानंतर वर्गात बसवेना. मी शाळेत असताना माझ्या निबंधातही आमच्या बाईंनी असंच ‘ते’ खोडून ‘ती’ केलं होतं. घरी येऊन मी आईला ते सांगितलं, तेव्हा ती आदोळीवर, म्हणजे आमच्याकडच्या विळीवर, बसून नारळ खवत होती. ती इतकी हसली की खोबरं परातीबाहेर सांडलं. “ती म्हळ्यार बायल मनीस,” ती म्हणाली. “तूं खंयची ती? तूं तें.” ‘ती’ म्हणजे मोठी बाईमाणूस, आणि मी कुठली मोठी!

आणि तिने तो शब्द पाळला. लग्न होऊन मी पेडण्याला आले आणि पहिल्या दिवसापासून सासरी ‘ती’ झाले. मला मुलं झाली, केस पांढरे झाले, निवृत्तीचा नारळ मिळाला, तरी आई शेजारणींना सांगायची, “आमचें तें पेडण्यां आसता.” रविवारी म्हापशाला बस बदलून मी डिचोलीला पोचायचे आणि उंबरठा ओलांडला की परत ‘तें’ व्हायचे. त्या एका अक्षरात माझं सगळं माहेर होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. असायचं कारणही नव्हतं.

अलीकडे आई विसरायला लागली. आधी वस्तू, मग दिवस, मग आम्ही. एका रविवारी मी दारात चपला काढत होते. तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि आत वहिनीला हाक मारली, “कोण गो ती आयल्या? तिका च्या दी.” व्याकरण अगदी शुद्ध होतं. बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले असते. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले.

तेव्हापासून मी दर रविवारी त्या एका शब्दासाठी जाते. फोटो दाखवते, तिचेच जुने किस्से तिला सांगते, “आई, हांव गो,” म्हणते. ती सभ्यपणे हसते. तिला माझं नाव आठवावं, असा माझा हट्ट आता उरलेला नाही. तिने मला एकदा ‘तें’ म्हणावं, एवढंच.

गेल्या रविवारी ती दारातल्या सोप्यावर रस्त्याकडे बघत बसली होती. मला पाहून तिने अंग चोरून जागा केली.

“बसात तुमी,” ती म्हणाली. “आयज आयतार न्हय? आमचें तें येतलें.”

“खंयच्यान येतलें?” मी विचारलं.

“पेडण्याच्यान.” मग माझ्याकडे झुकून, एखादी खास गोष्ट सांगावी तशी म्हणाली, “तें खूब बरें बरयता. शाळेंत बाई ताका वाखाणता.”

तिचं ते छान लिहितं, शाळेत बाई त्याची तारीफ करतात. मी मान हलवली.

“वचूं नाकात,” ती म्हणाली. “तें येयसर रावात.”

ते येईपर्यंत थांबा. मी तिच्या शेजारी बसून रस्त्याकडे बघत राहिले. ते लवकर यावं, असं मलाही फार वाटत होतं.