पाटीपलीकडचा मित्र

उल्हासनगरची हद्द नेमकी कुठे संपते हे इंचाइंचाने ठाऊक असलेला माणूस सबंध भारतात एकच होता, आणि तो भारताचा नागरिक नव्हता. सिंधमधून आला तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या. मला भेटला तोवर त्या पांढऱ्या होऊन मेंदीने तांबड्याही झाल्या होत्या. नागरिकत्वाचा अर्ज कचेरीत पडून होता आणि निकाल लागेपर्यंत परवानगीशिवाय शहराबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. साड्यांना फॉल-पिको करून देण्याचं त्याचं दुकान होतं. माझी बायको गेली तेव्हा तिची एक साडी तिथेच राहिली होती, ती आणायला मी गेलो. त्याने साडी हातात ठेवली, स्टूल पुढे केलं आणि काही न विचारता पुन्हा मशीनवर पिको करायला बसला. मला त्या दिवसांत असाच माणूस हवा होता. निघताना म्हटलं, "अंबरनाथला शिवमंदिरापाशी राहतो. या कधी चहाला." तर म्हणाला, "साईं, अंबरनाथ तर आपल्याला फॉरेन हाय!"

मग आम्ही रोज संध्याकाळी 'हद्द समाप्त' लिहिलेल्या पाटीपाशी भेटू लागलो. पाटीच्या पलीकडे तो, अलीकडे मी. सिंधी माणूस दारात आलेल्याला पापड-पाणी दिल्याशिवाय सोडत नाही, आणि ती पाटी म्हणजे त्याचा उंबरठाच. त्यामुळे पिशवीतून भाजलेला पापड आणि पाण्याची बाटली निघायचीच. एकदा वाऱ्याने त्याची टोपी उडून माझ्या बाजूला पडली, तर पठ्ठ्या हात लांबवीना. "तुमीच द्या साईं. टोपी गेली बिनपरमिशन, आपुन नाय जानार." पाटी एकदा रंगवायला काढून नेली आणि परत लावताना कुणीतरी ती दोन हात पुढे ठोकली. त्या दिवशी त्याने पेढे वाटले. "आपला मुलुख वाढला!" म्हणत नव्या दोन हातांत तो येरझाऱ्या घालत होता.

साहेब मुलाखतीत काहीही विचारेल म्हणून त्याने ठाणे जिल्ह्यातले सगळे तालुके पाठ केले होते. शहापूर, मुरबाड, भिवंडी ही नावं तो देवाची घ्यावीत तशी घ्यायचा. उल्हासनगर सोडून पाहिलेला एकही नव्हता. हसून हसून माझी पुरेवाट व्हायची. पण त्याची एकुलती एक मुलगी रायपूरला दिलेली, बायको सिंधमध्येच वारलेली. नातीच्या बारशाला जायची परवानगी मागितली, ती आली तेव्हा नात चालायला लागली होती, आणि परवानगीवरच्या तारखा केव्हाच उलटून गेल्या होत्या. ते सांगताना मात्र त्याने पापड हातातच ठेवला होता.

अखेर त्याला बोलावणं आलं. साहेबाने एकच विचारलं, "पत्ता तोच ना?" तालुके तसेच राहिले. नागरिकत्वाचा कागद हातात पडला त्याच संध्याकाळी तो पाटीपाशी आला, चपला काढल्या आणि अनवाणी पायाने माझ्या बाजूला आला. घरी येऊन दोन कप चहा प्याला, माझ्या बायकोच्या फोटोला नमस्कार केला, शिवमंदिराच्या पायरीवर लहान मुलासारखा रडला. मीही रडलो. त्याच्यासाठी की माझ्यासाठी, कोण जाणे.

आठवड्याभरात दुकान बंद करून तो रायपूरला गेला. फोन येतो. "साईं, इथं हद्द कुठं संपते, कुनालाच ठाऊक नाय! तुमी या ना एकदा. तुमाला कुठं परमिशन लागते?"

खरंच, मला कुणाची परवानगी लागत नाही. "बघू, पुढच्या महिन्यात," असं मी दर महिन्याला म्हणतो. संध्याकाळ झाली की खिशात एक पापड घालून पाटीपर्यंत जातो, अलीकडेच उभा राहून तो खातो आणि परत फिरतो. दोघं असताना कधी जाणवलं नव्हतं, पण एकट्याने खाताना पापडाचा आवाज फार मोठा होतो.