भाऊजींची झोप

माझी ताई जन्मभर शिवणयंत्रावर बसली आणि लोक म्हणत राहिले, काय कष्टाळू बाई आहे. हे ऐकलं की माझं पित्त खवळायचं. कष्टाळू वगैरे काही नव्हती ती. लहानपणी तिच्याइतकी आळशी मुलगी आमच्या नात्यागोत्यात दुसरी नव्हती. दुपारभर पुस्तक छातीवर घेऊन लोळायची आणि घोटभर पाणी हवं असलं तरी मला हाका मारायची. ती शिवत बसायची ती नवऱ्याला झोप लागावी म्हणून.

भाऊजी सैन्यात होते. लढाईत त्यांच्या मांडीत लोखंडाचा तुकडा घुसला. डॉक्टरांनी त्यातला अर्धा काढला, अर्धा राहू दिला, त्यामुळे ते डावीकडे कलून चालत. हे दिसायचं, म्हणून सगळे मांडीचीच विचारपूस करायचे. खरं दुखणं वेगळंच होतं. जवळपास कुणीतरी जागं असल्याशिवाय त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नसे.

त्याचं कारण त्यांनी कधी लपवलं नाही. मलाही सांगितलं, अगदी हवापाण्याबद्दल बोलावं तसं. पुढच्या चौकीवर ते पाच-सहा जण होते आणि पाळीपाळीने पहारा द्यायचे. नियम एकच होता. झोप अनावर झाली तर झोप, पण आधी शेजारच्याला हलवून सांग. एका पहाटे पाळी भाऊजींच्या जिवलग मित्राची होती, त्याला बसल्या जागी डुलकी लागली आणि तेवढ्यात शत्रूने हल्ला केला. बाकीचे झोपेतच गेले. मित्रही गेला. भाऊजी उरले ते दुसऱ्यांच्या अंगाखाली दबले गेले म्हणून. एवढं सांगून झालं की ते नेहमी म्हणायचे, "त्याचा दोष नव्हता. किती रात्रींचा जागा होता बिचारा." मला या माणसाच्या बऱ्याच गोष्टींचा राग यायचा, पण इथे माझं तोंड बंद व्हायचं. मोठ्या मनाचा आहे, हे कबूल करावं लागायचं.

परत आल्यावर कितीतरी महिने ते भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसून रात्र काढायचे. गोळ्या घेऊन पाहिल्या. त्याने झोप यायची, पण झोपेतून बाहेरच पडता येत नाही, म्हणाले, आणि गोळ्या गटारात फेकल्या. शेवटी त्यांनी बर्फाच्या कारखान्यात कायमची रात्रपाळी मागून घेतली. साच्यांतून बर्फाच्या लाद्या काढायच्या, भुशात रचायच्या, सकाळी घरी यायचं. रात्रपाळी आपणहून मागणारा माणूस कारखान्याने पहिल्यांदाच पाहिला होता. तिथे त्यांचं नाव घुबड पडलं.

मशीनचा शोध असाच लागला. एका दुपारी ताई उशीचे अभ्रे शिवत होती आणि भाऊजी तिथेच जमिनीवर आडवे झाले ते घोरायलाच लागले. ताईने हरखून मशीन थांबवलं आणि पांघरूण आणायला उठली. तेवढ्यात ते ताडकन उठून बसले आणि म्हणाले, "कोण उठलं?" ती पुन्हा बसली. पाय हलायला लागला तसे ते पुन्हा झोपले. झालं. त्या दिवसापासून बाई मशीनला बांधली गेली. मधे एक पडदा, अलीकडे भाऊजी झोपायचे, पलीकडे ती शिवायची.

माझं शिवणाच्या सामानाचं दुकान आहे. दोरे, बटणं, चेन, अस्तर. तिला शिवण मीच मिळवून द्यायचो: शाळेचे गणवेश, पडदे, हॉटेलांचे अभ्रे. काम नसलं की ती चिंध्यांवर सरळ टाके घालत बसायची, नुसता आवाज यावा म्हणून. कुणाकडे जायचं ते संध्याकाळी. आमची आई आजारी होती तेव्हाही ती रोज संध्याकाळी यायची. आई गेली दुपारी. मी तेव्हा भाऊजींना नको नको ते बोललो. ते खाली मान घालून ऐकत राहिले. माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं. पण ते सुट्टीच्या दिवशी मशीनला स्वतः तेल घालायचे आणि कारखान्यातून फडक्यात बर्फ बांधून आणून ताईचे सुजलेले गुडघे शेकायचे. अशा माणसाशी भांडून भांडणार किती?

मग ताईला धाप लागायला लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदय थकलंय, पायाचं मशीन बंद, दुपारी पाय वर करून आडवं व्हायचं. ताईने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीनवर बसली. मी आणि तिची मुलगी, माझी भाची, तिच्याशी भांडभांड भांडलो. भाऊजींना सांगायची तिने दोघांनाही शपथ घातली. म्हणजे न सांगण्याची. "त्यांना कळलं तर ते झोपणंच सोडतील," म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं. तिने बसावं तर ती मरणार होती, उठावं तर ते.

भाची मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. पोरगी हुशार. एके दुपारी तिने जुना फोन मशीनजवळ ठेवला आणि आईची अख्खी दुपार त्यात भरून घेतली. सरळ शिवण, कोपऱ्यावरचं थांबणं, कात्रीचा आवाज, बॉबिन बदलतानाची खुडबुड, मधूनच ताईचा खोकला. दुसऱ्या दिवशी फोन पडद्यामागे मशीनवर ठेवून चालू केला आणि ताईला हळूच खुर्चीतून उठवलं. दोघी श्वास रोखून उभ्या राहिल्या. भाऊजी घोरत होते.

त्यानंतर काही दिवसांनी ताई भर दुपारी माझ्या दुकानात आली. मला वाटलं कुणीतरी गेलं. ती म्हणाली, सहज आले. कितीतरी वर्षांत ती सहज कुठे आली नव्हती. बटणांच्या खोक्यावर पाय ठेवून बसली, थंड प्यायला मागवायला लावलं, मी रिळं रंगांप्रमाणे लावत नाही म्हणून मला झापलं, आणि बोलता बोलता स्टुलावरच तोंड उघडं टाकून झोपली. मी गिऱ्हाइकांना हातानेच गप्प बसायला सांगत होतो. दीड-दोन महिने असे गेले. ती थोडी भरली. माझी आळशी ताई मला परत मिळाली होती, आणि मी भाचीची पाठ थोपटून थोपटून लाल केली.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी ती घरीच होती. भाची कामावर गेलेली. पडद्यामागे फोन चालू होता. ताई स्वयंपाकघरात गेली आणि तिच्या छातीत कळ आली. तिने हाक मारली की नाही, कुणाला माहीत नाही. फळीवरचं पातेलं खाली आलं. भिंतीपलीकडच्या शेजारणीने तो आवाज ऐकला, आणि मशीन चालूच आहे म्हटल्यावर मांजर असेल म्हणून तिने सोडून दिलं. भाऊजींना काही वेळाने जाग आली. पण पलीकडे मशीन चाललं होतं, आणि तेवढ्यात ताई खोकलीसुद्धा. म्हणून ते कुशीवर वळून आणखी झोपले.

भाची घरी आली तेव्हा भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात बसले होते. मांडीवर ताईचं डोकं. दुसऱ्या हातात फोन, अजून वाजत असलेला, कारण तो बंद कसा करायचा ते त्यांना माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं असतं तर सांगता येत नाही, कदाचित वाचल्या असत्या. भाऊजी ताईकडे बघत एवढंच म्हणाले, "सांगून जायचं असतं." ते ताईला म्हणाले की पोरीला, की आणखी कुणाला, देव जाणे. पोरीने ते स्वतःला लावून घेतलं.

सगळं उरकलं. माणसं आली, गेली. भाऊजी पुन्हा खुर्चीत, भिंतीला पाठ. रडले नाहीत, ओरडले नाहीत. पोरगी रोज त्यांच्याजवळ चहा ठेवायची, ते घ्यायचे, पण तिच्याकडे बघायचे नाहीत. तिने कामावर जाणं सोडलं. अंगावरचे कपडे लोंबायला लागले. दिवसभर जिन्यात बसून राहायची. मी जेवायला बोलावलं की यायची, ताट चिवडायची आणि एकच विचारायची, "मामा, बाबा काही बोलले का?"

शेवटी माझ्याने राहवेना. पोरीला जिन्यात बसवून मी वर गेलो. भाऊजींसमोर मांडी घालून बसलो आणि सरळ मुद्द्याला हात घातला. म्हटलं, मुलीने आईला विसावा मिळावा म्हणून केलं. तुम्हाला झोप मिळावी म्हणूनही केलं. ती संपत चाललीय. तुमच्या त्या मित्राबद्दल तुम्ही जन्मभर जे म्हणत आलात ते एकदा तिला म्हणा. त्याच्यासाठी तुमचं मन एवढं मोठं होतं, ही तर पोटची पोर.

त्यांनी मान वर केली. डोळे लाल झालेले, पापण्या सुजलेल्या.

"ते मी तुझ्या ताईसाठी म्हणायचो," ते म्हणाले. "पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती त्याच्यासाठी फार रडली होती. तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो, मग तेच म्हणत राहिलो."

"आणि मनात?"

"मनात मी त्याला अजून शिव्या देतो. एक दिवस चुकवलेला नाही." त्यांनी हाताच्या तळव्याने तोंड पुसलं. "पोरीवर माझा जीव आहे रे. पण तेच वाक्य तिच्यासमोर कोणत्या तोंडाने म्हणू? मला त्याचा अर्थ माहीत आहे."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर आलो.

भाची जिन्याच्या वळणावर उठून उभी राहिली होती. कठड्याला धरून होती.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तिचा दोष नाही."

मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "मित्राबद्दल म्हणायचे तसं?"

"अगदी तसंच," मी म्हणालो.

ती पायरीवर बसली आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा हमसून हमसून रडली. रडून झाल्यावर तिने ओढणीने डोळे पुसले, उद्यापासून कामावर जाईन म्हणाली, आणि बाबांसाठी चहा टाकायला वर गेली.