साक्रीच्या नर्सरीत, अक्का नसताना

पत्र आलं त्या दिवशी घरात सांगायला कोणी नव्हतं. मी जळगावात मेहरूण तलावाजवळ राहते. संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांतले निम्मे चेहरे ओळखीचे आहेत, पण चालत्या माणसाला थांबवून "अहो, माझी रोपवाटिका मंजूर झाली" असं कसं सांगणार? शेवटी चहा केला आणि पत्र दोनदा मोठ्यांदा वाचलं.

नियमित वाचकांना (तुम्ही सहाजण आहात, मला माहीत आहे) आठवत असेल, आप्पा, माझे वडील, गेल्यावर मी फिरायला लागले आणि हा ब्लॉग सुरू केला. आप्पांनी पहूरला वीस गुंठे जमीन आणि विहिरीतला वाटा मागे ठेवला. तिथे शेडनेट उभारून भाजीपाल्याची रोपं करायची, म्हणून मी सरकारी अनुदानासाठी ऑनलाइन अर्ज भरला होता. सोडतीत नंबर लागला. पुढच्या अर्जदारांसाठी सांगते: पूर्वसंमतीचं पत्र आल्याशिवाय एक खांबही रोवायचा नाही, मग सगळा खर्च आधी आपण करायचा, मग तपासणी होते आणि त्यानंतर खर्चाच्या निम्मे पैसे खात्यात येतात. सातबारा सामाईक असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. माझ्या सातबाऱ्यावर मी एकटीच, त्यामुळे कुणाला विचारावं लागलं नाही. अर्ज भरताना हे फार सोयीचं वाटलं होतं.

पत्रावर काम सुरू करायची मुदत होती आणि ती संपायला बारा दिवस उरले होते. शेडनेटचा सांगाडा करून देणारे सलीमभाई रोज फोन करायचे. "ताई, माप घ्यायला कधी येऊ? तारीख निघून गेली तर मला बोल लावू नका." मी रोज "उद्या सांगते" म्हणायची. भीती एकच होती. या कामाला एकटी बाई पुरेल का? कृषी सहायकांना विचारलं तर ते म्हणाले, "साक्रीकडे एक अक्का आहेत, एकट्याच नर्सरी चालवतात. आधी जाऊन पाहून या, मग ठरवा."

मग निघाले. जळगाव स्टँडवरून सकाळी लवकरच्या गाडीने धुळे, बायकांना अर्धं तिकीट, खिडकी मिळाली. रस्ता आता चांगला झाला आहे, पारोळ्यापर्यंत झोप लागली. जानेवारीचे दिवस, हवा ढगाळ, शेतांत दादर ज्वारीची कणसं मान टाकून उभी. धुळ्यात स्टँडबाहेर शेवभाजी खाल्ली. वाढणाऱ्याने "किती जण?" म्हणून विचारलं आणि एक बोट दाखवल्यावर मला भिंतीकडे तोंड करून असलेल्या टेबलावर बसवलं. एकट्याने फिरणाऱ्यांनी त्या टेबलाची सवय करून घ्यावी, भाजी तीच असते. साक्रीला दुपारी पोचले आणि तिथून काळी-पिवळी जीपने पुढे. गावाचं नाव लिहू नको असं अक्कांनी बजावलंय, नातेवाईक फुकट रोपं मागायला येतात म्हणे.

कमलअक्का साठीच्या. डोक्यावर पदर, पायात बूट, हातात झारी. मी कोण, कशाला आले ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "देख मंग. हात लावू नको."

दहा गुंठ्यांचं हिरवं नेट, खाली ट्रेच्या रांगा. मिरची, टोमॅटो, वांगी. मालक वारले त्याला सात वर्षं झाली, एकुलती मुलगी नवापूरला दिलेली. बी टोचणं, ट्रे मांडणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, सगळं अक्का करतात. शेतकरी स्वतःचं बियाणं आणून देतात आणि रोपं तयार झाली की घेऊन जातात. शंभरामागे चार रोपं अक्का वर देतात, शेतात काही मरणार हे धरून. मी वहीत लिहीत राहिले. मग न राहवून विचारलं, "अक्का, एकटीला जमतं?"

"बठ्ठं मी एकलीच करस," त्या म्हणाल्या. "फक्त कोठे जाता येत नही."

"म्हणजे?"

"म्हंजे कोठेच नही. नातू चालाले लागना, मी अजून त्यानं तोंड नही देखं. मोबाईलमा देखस."

संध्याकाळी चुलीपाशी भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाताना त्यांनी माझी चौकशी केली. नोकरी? सोडली. मालक? लग्नच केलं नाही. आईबाप? गेले. "मंग घर कोन वाट देखस तुनी?" मी म्हटलं, कोणीच नाही. हे वाक्य मी आजवर पुष्कळदा बोलले आहे आणि समोरचा माणूस दरवेळी विषय बदलतो. अक्कांनी नाही बदलला. भाकरी उलटली, तव्यावर शेकू दिली आणि म्हणाल्या, "मंग दोन दिवस रहा आठे. मी नवापूरले जाई येस."

खरं सांगते, मला इतका आनंद झाला की ठेचा डोळ्यांत गेल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. मी एकटी आहे याचा आजवर कुणाला उपयोग झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नेसूचं पातळ बदलून, नातवासाठी खाऊ घेऊन अक्का सकाळच्या गाडीने गेल्या. जाताना मला ट्रेपाशी नेऊन ट्रेमधलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, बोटाने दाबायला लावलं. "बोटले पानी लागनं, ते झारी उचलानी नही. हवा ढगाळ शे. पानी सकाळनं एक येळ, तेबी देखीसन." मी तीनदा हो म्हटलं.

त्यानंतर काय घडलं ते लिहायला लाज वाटते, पण अर्ज भरणाऱ्या बायकांनी ते वाचायला हवं. सकाळी मी पाणी दिलं, बोट लावून, नियमाप्रमाणे. अकरा वाजेपर्यंत सगळं काम संपलं. माझ्या फोनच्या कंपनीची तिथे रेंज नाही. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, मी हात केला, गाडीवानाने ओळख नसल्यामुळे केला नाही. मग मी मिरचीच्या ट्रेपाशी गेले. नुकती उगवलेली, दोन-दोन पानांची रोपं. त्यांच्याशी बोलले. तुम्ही हसाल, पण आप्पा शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होते तेव्हा मी असंच करायची. दर तासाला जाऊन "पाणी देऊ का?" विचारायची. ते नको म्हणाले तरी द्यायची. ट्रेजवळ झारी होतीच. थोडं शिंपडलं. तीन वाजता पुन्हा थोडं. पाच वाजता वाटलं, कोपऱ्यातली बिचारी कोरडी असतील. पानांवर थेंब चमकले की बरं वाटायचं, कुणीतरी आपल्याला ओ दिल्यासारखं. पुढच्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ ट्रेमधली मिरची आडवी पडली होती. पानं हिरवीगार, पण मातीलगत देठ बारीक होऊन सडलेले. बोटाने सरळ करायला गेले तर रोप हातात आलं. मी तिथेच खाली बसले.

अक्का दुपारी आल्या. चेहरा उजळलेला, नातवाने पदर ओढला ते सांगतच आत शिरल्या आणि ट्रेपाशी थांबल्या. त्यांनी कोकोपीट चिमटीत घेऊन पिळलं. पाणी गळलं.

"कितला येळ दिधं?"

"चार वेळा... पाच. दोन्ही दिवस."

त्यांनी ओला हात पदराला पुसला. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. "पानी रोपले जोयजे व्हतं," त्यांनी हळूच विचारलं, "का तुले?"

मी रडले. सत्तेचाळीस वर्षांची बाई, परक्या अंगणात, बूट घातलेल्या अक्कांसमोर भोकाड पसरून रडले. त्यांनी रडू दिलं. मग आम्ही दोघींनी ते आठ ट्रे बाहेर नेऊन रिकामे केले, औषधाच्या पाण्याने धुतले आणि ती मिरची ज्याची होती त्या शेतकऱ्याला अक्कांनी फोन लावून सांगितलं की बियाणं परत टोचावं लागेल, रोपं उशिरा मिळतील. चूक कुणाची ते सांगितलं नाही. नव्या बियाण्याचे पैसे मी देऊ केले, ते घेतले. ते बरं केलं त्यांनी.

परतीच्या गाडीत धुळ्यापर्यंत वाटत होतं, नकोच. ज्या बाईला झारी खाली ठेवता येत नाही तिने रोपं कशाला वाढवावीत? पारोळ्याच्या पुढे जरा डोकं थाऱ्यावर आलं. मी हा अर्ज सोबत हवी म्हणून भरला होता. हिरवं काहीतरी अवतीभवती असलं की घर खायला उठणार नाही, असं वाटलं होतं. ती माझी चूक होती. रोपं सोबत करत नाहीत, ती तीस-चाळीस दिवसांत दुसऱ्याच्या शेतात जातात. पण काम म्हणून ते मला आवडलं होतं. बोट लावून ओल ओळखणं आवडलं होतं, आणि पडलेली मिरची पाहिल्यावर झाली तेवढी शरम मला नोकरीच्या बावीस वर्षांत कधी झाली नव्हती. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा सलीमभाईंना फोन केला. "उद्या या माप घ्यायला." ते म्हणाले, "ताई, उद्या म्हणजे उद्याच ना?"

आता पहूरला नेट ताणून झालंय. तपासणी व्हायची आहे, अनुदान त्यानंतर. मी तिथेच पत्र्याच्या खोलीत राहते, मेहरूणच्या घराला कुलूप आहे. पहिले पन्नास ट्रे भरले, टोमॅटो उगवला. प्रवास बंद झाला, म्हणून ब्लॉगवर इतके दिवस काही नव्हतं.

गेल्या आठवड्यात अक्कांचा फोन आला. आवाजात लगबग होती. "नातूनं जावळ शे येत्या रविवारले. तू येशी का दोन दिवस? आते तुले पानी समजस."

मी ट्रेंकडे पाहिलं. टोमॅटोची दोन-दोन पानं. "अक्का, माझीपण रोपं उगवलीत," मी म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, "आज पानी दिधं?"

"नाही. ओल आहे अजून."

"बरं करं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

काल त्यांनी जावळाचा फोटो पाठवला, मुलीकडून आलेला. बाळाचं डोकं गुळगुळीत झालंय आणि ते रडतंय. आजूबाजूला खूप माणसं आहेत, मोठा करून एकेक चेहरा पाहिला. अक्का त्यात नाहीत.